भरलेला ट्रक हलतो कसा? – पहिल्या गिअरचा इतिहास

घाटात थांबलेला, मालाने भरलेला ट्रक पुन्हा चालू लागतो तेव्हा तो पहिल्या गिअरमध्येच का निघतो? तोच ट्रक रिकामा असला आणि रस्ता सपाट असला, तर ड्रायव्हर सरळ दुसऱ्या गिअरमध्ये गाडी का काढतो? नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुले सांगतात, ‘पहिल्या गिअरमध्ये ताकद जास्त असते.’ हे उत्तर पूर्ण चूक नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. एंजिनाची शक्ती गिअर बदलल्याने वाढत नाही. मग वाढते ते काय? आणि ही पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था मुळात करावी तरी का लागली? रेल्वेचे वाफेचे एंजिन शेकडो टन ओढत होते आणि त्याला गिअरपेटीच नव्हती!

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते. शाळेत शिकवली जाणारी तरफ, घर्षण आणि ऊर्जेची अक्षय्यता या तिघांची भेटही वाटेत होते.

वाफेची मिजास

फ्रान्समध्ये निकोला-जोसेफ क्यून्यो याने १७६९-७० मध्ये तोफा ओढण्यासाठी वाफेवर चालणारी तीनचाकी गाडी बनवली. अवजड ओझे वाहणारे स्वयंचलित वाहन म्हणजे ट्रक असे मानले, तर हा ट्रकचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. गाडी बेताचीच चालली, पण तिच्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती. बाष्पित्रात वाफ तयार असली की एंजिन थांबलेल्या अवस्थेतूनही पूर्ण जोर लावू शकते. सिलिंडरात वाफ सोडली की दट्ट्यावर दाब पडतो. त्यासाठी दट्ट्या आधीपासून हलत असावा लागत नाही.

आगगाडीला गिअरपेटी लागली नाही ती यामुळेच. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्यात सदतिसास एक इतकी तीव्र चढण होती, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. तिथे अडचण यायची ती चाक घसरण्याची किंवा वाफ कमी पडण्याची. जोर कमी पडला तर मागून ढकलायला आणखी एक एंजिन लावत. गाडीवानाने चढणीला बैलांची जादा जोडी जुंपावी, तसाच हा प्रकार. पण एंजिन आणि चाक यांच्यामध्ये दांतचक्रांची पेटी कोणी बसवली नाही, कारण तिची गरजच नव्हती.

नव्या एंजिनाचा दुबळेपणा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेट्रोलवर चालणारे अंतर्ज्वलन एंजिन आले. ते हलके होते, आटोपशीर होते. बाष्पित्र तापण्याची वाट पाहावी लागत नव्हती. पण त्याच्यात एक जन्मजात उणीव होती. या एंजिनात इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही कामे दट्ट्याच्या हालचालीतूनच होतात. एंजिन फिरत नसेल तर ज्वलन नाही, आणि ज्वलन नसेल तर जोर नाही. मिनिटाला काही शे फेऱ्यांच्या खाली ते आचके देते आणि बंद पडते.

म्हणजे पेच असा की उभ्या गाडीचे चाक शून्य वेगाने फिरते आणि एंजिन मात्र शून्य वेगाने फिरूच शकत नाही. या दोघांची गाठ घालायची कशी? उत्तराचे दोन भाग झाले. पहिला भाग क्लच. वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या दोन तबकड्या एकमेकींवर घासत घासत हळूहळू एकाच वेगावर येतात. दुसरा भाग गिअर. तो एंजिनाचे अनेक फेरे घेतो आणि चाकाला एकच फेरा देतो, पण त्या बदल्यात चाक फिरवण्याचा जोर तितक्याच पटीने वाढवतो. या फिरवण्याच्या जोराला तंत्रज्ञ टॉर्क म्हणतात.

ही गरज सुरुवातीलाच किती तीव्रपणे जाणवली, याची एक प्रसिद्ध हकीकत आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ या बाईंनी आपल्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेन्झने, बनवलेली तीनचाकी मोटार जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्ट्सहाइमला नेली. सुमारे १०० किलोमीटरचा हा प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. चढणी आल्या की गाडी दम सोडायची आणि मुलांना उतरून ती ढकलावी लागायची. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला केलेल्या सूचनांपैकी एक अगदी व्यवहारी होती. चढणीसाठी आणखी एक गिअर हवा. अवजड वाहनाच्या पहिल्या गिअरची कल्पना अशी रस्त्यावरच्या अनुभवातून पुढे आली.

चार अश्वशक्ती, दीड टन

१८९६ मध्ये गोटलीब डाइमलरने अंतर्ज्वलन एंजिनावर चालणारा पहिला ट्रक विकायला काढला. त्याचे एंजिन अवघ्या ४ अश्वशक्तीचे होते, आणि वाहायचा भार होता १५०० किलो. आजच्या साध्या स्कूटरलाही याहून अधिक शक्ती असते. इतक्या तुटपुंज्या शक्तीवर दीड टन हलले कसे? मागच्या चाकांना आतून दाते असलेले मोठे कडे जोडले होते आणि एक छोटे दंतचक्र ते कडे फिरवत होते. छोट्या चक्राचे अनेक फेरे झाले की गाडीच्या चाकाचा एक फेरा व्हायचा. गाडी जेमतेम माणसाच्या धावण्याच्या वेगाने जायची, पण जायची. शक्ती तेवढीच राहिली. वेग सोडला आणि जोर मिळवला. लांब दांड्याच्या पहारीने धोंडा उचलताना आपण हेच करतो. हात पुष्कळ हलतो, धोंडा थोडासाच हलतो. दंतचक्र म्हणजे न संपणारी तरफच.

त्याच दशकात फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर याने सरकत्या दंतचक्रांची पेटी प्रचारात आणली. दोन समांतर दांड्यांवर लहान-मोठी चक्रे. दांडा सरकवून हवी ती जोडी एकमेकांत अडकवायची. फिरती चक्रे एकमेकांवर आपटून कर्कश आवाज व्हायचा. ही रीत रानटी असली तरी चालते, असे खुद्द तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. पुढे लुई रनो याने १८९९ मध्ये वरच्या गिअरमध्ये एंजिनाचा फेरा थेट पुढे पाठवणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. हाताने बदलायच्या गिअरपेटीचा सांगाडा बहुतांशी इथे तयार झाला, आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला.

थोडे गणित करू या

पहिला की दुसरा, हा प्रश्न आता आकड्यांत मांडून पाहू. समजा, भारासकट १६ टनांचा ट्रक आहे. निघताना एंजिन मिनिटाला ९०० फेरे करीत आहे आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देत आहे. गिअरपेटीत पाच गिअर आहेत. त्यांची प्रमाणे ७, ४, २.४, १.५ आणि १ अशी. मागच्या आसातली दंतचक्रे फेरे आणखी ६ पटीने कमी करतात. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर. वाटेतल्या घर्षणात १५ टक्के जोर वाया जातो. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण खऱ्या ट्रकपासून फार दूर नाहीत.

विसास एक चढणीवर ट्रकला मागे खेचणारे बल ७८४० न्यूटन होईल. टायर लोळण्याचा विरोध वजनाच्या शेकडा एक धरला, तर आणखी सुमारे १५७० न्यूटन. एकूण झाले सुमारे ९४०० न्यूटन. आता चाकाशी मिळणारे बल पाहा.

पहिला गिअर : सुमारे २१,४०० न्यूटन
दुसरा गिअर : सुमारे १२,२०० न्यूटन
तिसरा गिअर : सुमारे ७,३०० न्यूटन

तिसऱ्या गिअरमध्ये ट्रक निघणार नाही, हे उघड आहे. पण दुसऱ्यात? १२,२०० हे ९४०० पेक्षा जास्तच आहे. कागदावर तरी ट्रक दुसऱ्यात निघायला हवा, आणि तो निघतोही. मग अनुभवी ड्रायव्हर तसे का करीत नाही?

याचे उत्तर क्लचमध्ये आहे. ९०० फेऱ्यांवर क्लच पूर्ण बसतो तेव्हा ट्रकचा वेग पहिल्या गिअरमध्ये ताशी ४ किलोमीटर असतो, तर दुसऱ्यात ताशी ७. तो वेग येईपर्यंत तबकड्या घासत राहतात. पहिल्या गिअरमध्ये शिल्लक बल १२,००० न्यूटन, त्वरण दर सेकंदाला सेकंदाला ०.७५ मीटर. क्लच दीड सेकंदात बसतो. दुसऱ्या गिअरमध्ये शिल्लक बल जेमतेम २८०० न्यूटन. त्वरण ०.१८ मीटर, आणि क्लच बसायला लागतात ११ सेकंद! एंजिन या काळात सुमारे २८ किलोवॉट शक्ती देत असते. ट्रकचा वेग शून्यापासून सारखा वाढत असल्याने त्यातली सरासरी निम्मी शक्ती क्लचमध्येच उष्णता होऊन जाते. हिशेब केला तर पहिल्या गिअरमध्ये सुमारे २१ किलोज्यूल उष्णता निर्माण होते, दुसऱ्यात सुमारे १५७ किलोज्यूल. म्हणजे सातपटीहून अधिक. घाटात गाड्यांची रांग लागली आणि असे दहा-वीस वेळा निघावे लागले, तर क्लचचे अस्तर जळून येणारा तो उग्र वास आपण सर्वांनी कधी ना कधी घेतलेला असतो.

सपाट रस्त्यावर याहून सोपा नियम मिळतो. टायरचा विरोध आणि वाटेतले घर्षण सोडून दिले, तर निघताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता क्लच बसतेवेळच्या ट्रकच्या गतिज ऊर्जेइतकीच असते, मग ड्रायव्हरने क्लच हळू सोडो की झटकन. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आपल्या ट्रकसाठी ती पहिल्या गिअरमध्ये १०, दुसऱ्यात ३१ आणि तिसऱ्यात ८६ किलोज्यूल येते. ट्रक रिकामा असला, म्हणजे वजन ६ टन असले, तर दुसऱ्या गिअरमधली उष्णता १२ किलोज्यूलच्या आत राहते, भरलेल्या ट्रकच्या पहिल्या गिअरइतकीच जवळजवळ. ‘रिकामी गाडी दुसऱ्यात, भरलेली पहिल्यात’ हा ड्रायव्हर मंडळींचा नियम किती नेमका आहे, हे इथे दिसते. जुने वस्ताद नवख्याला सांगतात की ज्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न दाबता गाडी अलगद सरकू लागते, तोच निघण्याचा गिअर. त्या वाक्यात हे सगळे गणित सामावले आहे.

दोन सेकंदांची किंमत

गिअर एकदा टाकला की काम संपले, असेही नाही. आपला ट्रक चढणीवर पहिल्या गिअरमध्ये निघाला. एंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांपर्यंत नेले, तेव्हा वेग झाला ताशी ११. आता दुसरा टाकायचा. गिअर बदलताना क्षणभर एंजिन चाकापासून सुटते, पण चढण काही ट्रकला सोडत नाही. दर सेकंदाला ताशी २ किलोमीटर वेग कमी होतो. बदलायला दोन सेकंद लागले, तर ट्रक ताशी ७ वर आला. दुसऱ्या गिअरमध्ये एंजिन ९०० फेऱ्यांवर आचके देऊ लागते. म्हणून घाटात कित्येक ट्रक अख्खी चढण पहिल्या गिअरमध्येच रांगत चढतात.

त्यात पूर्वीच्या पेट्यांत खालचा गिअर टाकणे हे मोठेच कसब होते. चौथ्या गिअरमध्ये एंजिनाचे १००० फेरे असतील, तर त्याच वेगाला तिसऱ्यात ते १६०० व्हायला हवेत. तसे झाले नाही तर दाते दातांत बसणार नाहीत. म्हणून क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, एंजिन अंदाजाने चढवायचे, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. हाच तो ‘डबल क्लच’. फेरे मोजायला डोळ्यापुढे काटा नसे, मोजणारा कान असे. चुकले तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकून मागे सरकू लागे आणि क्लीनर दगड घेऊन चाकामागे धावे.

१९२८ मध्ये अर्ल थॉम्पसन या अमेरिकी अभियंत्याची सिंक्रोमेश रचना कॅडिलॅक मोटारीत आली. दाते एकमेकांत जाण्यापूर्वी शंकूच्या आकाराची दोन कडी घासून वेग जुळवतात, म्हणजे पेटीच्या आत छोटे क्लचच बसवले. पुढे ती ट्रकमध्येही आली. अवजड ट्रकसाठी दुसराही मार्ग निघाला. पाच गिअरच्या पेटीमागे दोन गिअरची आणखी एक पेटी जोडली की दहा गिअर होतात. एका पायरीतून दुसरीत जाताना फेऱ्यांचा फरक कमी राहतो, म्हणून वरच्या उदाहरणातली दोन सेकंदे तितकी महाग पडत नाहीत. अमेरिकेत फुलर कंपनीच्या अशा पेट्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार चालल्या. पुढे गिअरांची संख्या अठरापर्यंत गेली.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात डॉज ट्रकांची जुळणी सुरू केली. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले. म्हणजे १८९६ चा पहिला ट्रक बनवणाऱ्या घराण्याचीच एक शाखा आपल्या घाटांत येऊन पोहोचली. ते ट्रक कसे चालवायचे, याची पुस्तके मात्र ड्रायव्हरपर्यंत क्वचितच पोहोचली. क्लीनर म्हणून लागलेला पोरगा शेजारी बसून बघत, ऐकत, शिव्या खात शिकला.

उतारावरचा गिअर

निघण्याचा गिअर चुकला तर क्लच जळतो. उतरण्याचा गिअर चुकला तर माणसे मरतात. १६ टनांचा ट्रक ५०० मीटर खाली उतरतो, तेव्हा त्याची ७८ दशलक्ष ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. २६० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला पुरेल इतकी ही उष्णता आहे. खोपोली आणि खंडाळा यांच्या उंचीतला फरक साधारण एवढाच आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा एंजिन आपल्या अंगावर घेते. वेगाने फिरवले जाणारे एंजिन हवा दाबण्यात आणि घर्षणात ऊर्जा खर्च करते. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात, त्यांच्या अस्तरांची पकड सुटत जाते, आणि भर उतारावर, वेग वाढलेला असताना, खालचा गिअर पुन्हा पडत नाही.

डिझेल वाचते या समजुतीने न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. खरे तर गिअरमध्ये असलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, कारण एंजिन चाकांच्या जोरावर फिरत असते. न्यूट्रलमध्ये मात्र ते स्वतःच्या इंधनावर फिरत ठेवावे लागते. म्हणजे बचत तर नाहीच, उलट खर्च आहे. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, असा जुना ठोकताळा आहे. आजचे ट्रक जास्त शक्तीचे असल्याने वरच्या गिअरमध्ये घाट चढून जातात. त्यांनी उतरताना त्याहूनही खालचा गिअर घ्यायला हवा, आणि तोही उतार सुरू होण्याआधी.

पुन्हा सुरुवातीकडे?

१९२० च्या दशकाच्या अखेरीस बोरघाटाच्या लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले आणि स्वित्झर्लंडमधल्या बनावटीची विजेची एंजिने इथे आली. लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. विजेची मोटर वाफेप्रमाणेच उभ्याउभ्या पूर्ण जोर लावते, म्हणून क्लच आणि बदलायचे गिअर तिलाही लागले नाहीत. आज विजेवरचे ट्रक रस्त्यावर येत आहेत. त्यांतल्या काहींना एकच गिअर आहे. काहींनी मात्र अवजड भारासाठी अनेक गिअरची पेटी कायम ठेवली आहे. क्लच गेला तरी वेग आणि जोर यांच्यातली देवघेव संपलेली नाही. डिझेलच्या नव्या ट्रकांतही आता बऱ्याचदा यंत्रणा स्वतःच गिअर निवडते. भार आणि चढ पाहून ती जो हिशेब करते, तो वर आपण केला तोच.

वर्गात हे दाखवायला ट्रक लागत नाही. गिअरची सायकल मिळाली तर उत्तम. उभ्या सायकलीवर बसून चढावर आधी मागच्या मोठ्या चक्रावर साखळी ठेवून निघावे, मग लहान चक्रावर. दोन्ही वेळा पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे किती फेरे होतात ते खडूची खूण करून मोजावे आणि पुढच्या-मागच्या दात्यांच्या गुणोत्तराशी ताडून पाहावे. मुलांच्या पायांना फरक कळेलच, तो वहीतल्या आकड्यांत बसला की काम झाले. गावात एखादे जुने ट्रकड्रायव्हर असतील तर त्यांना एक तास वर्गात बोलवावे, आणि मुलांनी त्यांना विचारावे, ‘काका, कुठला गिअर टाकायचा ते तुम्हाला कसे कळते?’ मग त्यांच्या उत्तरातले प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहून, त्यामागे कोणता नियम आहे ते सगळ्यांनी मिळून शोधावे.